जिनिंगमधला फिरता कॅमेरा

दिवाळीनंतर धरणगाव-पारोळा पट्ट्यातल्या जिनिंग सुरू झाल्या की कॅमेऱ्याच्या कामांची रीघ लागते. आवारात कापसाचे ढीग, आत रुई, बाजूला सरकी आणि १७० किलोच्या बांधलेल्या गाठी. रेच्यात, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला तरी ठिणगी उडते आणि सगळं पेटतं. या धास्तीनं शेठलोक कॅमेरे लावतात. मला अशाच एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कॅमेरा बसवायचा होता. गाडी आणि काट्याचा आकडा एकाच चित्रात आला पाहिजे, एवढंच काम होतं.

शिडीवरून उतरलो तर रेच्यावर काम करणाऱ्या एक मावशी येऊन उभ्या. आवारातल्या खांबाकडे बोट करून म्हणाल्या, "भाऊ, आम्ही जेवाले बसनूत का तो कॅमेरा आमनाकडेच काब फिरस?"

खांबावर फिरणारा, झूम होणारा कॅमेरा होता. तो ढिगांवर नजर ठेवायला बसवलेला. त्याच्या टप्प्यात एक पत्र्याची शेड येत होती. तिथं बाया भाकरी खातात, लेकरांना झोळीत निजवतात, अंगावर पाजतात. मावशी जास्त काही बोलल्या नाहीत, पण मला काय ते कळलं.

ऑफिसात जाऊन रेकॉर्डरचा लॉग उघडला. कोण कधी आत आलं, कोणी मागचं चित्रण पाहिलं, कोणी कॅमेरा फिरवला, हे सगळं तो लिहून ठेवतो. कॅमेरा फिरवल्याच्या नोंदी तेवढ्या गाळून काढल्या. जेवणाच्या सुट्टीतल्या नोंदींची रांगच लागली. पण प्रत्येक नोंदीसमोर नाव एकच, ॲडमिन. आयपी ॲड्रेस ऑफिसातल्या संगणकाचा. त्या संगणकावर मुनीम बसतो, काटेवाला बसतो, मुकादम बसतो, शेठचा पुतण्याही बसतो. पासवर्ड सगळ्यांना पाठ, वर मॉनिटरला चिकटवलेला.

शेठना बोलावून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. "नाव सांगा, आत्ता काढून टाकतो," म्हणाले. मी म्हटलं, "शेठ, वेळ सांगता येते, संगणक सांगता येतो. माणूस नाही सांगता येत. सगळ्यांना एकच नाव दिलंय तर मशीन तरी दुसरं कोणतं लिहिणार?" अंदाजानं कोणाचं नाव घेणं मला पटणारं नव्हतं, चौघांतल्या तिघांवर तो अन्याय झाला असता. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७७ नुसार बाईचे खासगी क्षण चोरून पाहणं किंवा टिपणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. लेकराला पाजणाऱ्या बाईवर झूम करणाऱ्यानं हे ऐकलंच पाहिजे.

काट्याचं काम बाजूला ठेवलं आणि शेठबरोबर कागद घेऊन बसलो. थेट पाहणं, मागचं पाहणं, कॉपी काढणं आणि कॅमेरा फिरवणं या चार वेगळ्या परवानग्या आहेत, आणि त्या प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळ्या देता येतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. बहुतेक ठिकाणी माहीत नसतं, कारण बसवणारा सांगत नाही. काटेवाल्याला काट्याचा कॅमेरा, तोही फक्त थेट. वजनावरून शेतकऱ्याशी वाद होतो तेव्हा मागचं पाहावं लागतं, म्हणून ती परवानगी मुनिमाला. कॉपी फक्त शेठ काढणार. पहारेकऱ्याला फाटक आणि ढीग. प्रत्येकाचं खातं त्याच्या स्वतःच्या नावानं. रेकॉर्डरसमोर बसून पाहण्याची आणि बाहेरून मोबाइलवर पाहण्याची परवानगी वेगवेगळ्या पानांवर असते. एका पानावरची खूण काढून दुसरीकडची तशीच राहिली, तर दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होतं. पुतण्याच्या मोबाइलवरचं शेअरिंग काढलं तेव्हा तो चिडला. शेठ त्याच्याकडे नुसतं बघत राहिले.

एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक आयपी कॅमेऱ्याला, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला, स्वतःचंही लॉगिन असतं. इथले कॅमेरे ऑफिसच्याच नेटवर्क स्विचला जोडलेले होते. त्यामुळे ज्याला कॅमेऱ्याचा पासवर्ड ठाऊक, तो रेकॉर्डरला न विचारता ५५४ पोर्टवरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्राच्या नेटवर्कवरच्या वाटेनं, थेट चित्र उघडू शकला असता. मग रेकॉर्डरमधल्या सगळ्या परवानग्या कागदावरच राहिल्या असत्या. कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदलले, त्यांची वायर वेगळ्या स्विचवर घेतली. ओनव्हिफ ही वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांना जोडायची पद्धत. तिचा युजर काही कॅमेऱ्यांत वेगळा असतो, तोही तपासला.

फिरत्या कॅमेऱ्यावरून मात्र शेठशी वाद झाला. "शेडमधी कोणी बिडी ओढली अन् पेटलं तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. मी शेड आणि ढीग यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यावर एक स्थिर कॅमेरा सुचवला. आग पसरायची तर तिथूनच पसरणार. फिरत्या कॅमेऱ्याला डाव्या-उजव्या हद्दी घातल्या. त्यापलीकडे तो वळतच नाही. शिवाय शेडवर मास्क टाकला, म्हणजे त्या जागी काळा चौकोन दिसतो. कोणी हात लावला नाही तर तो आपोआप ढिगाकडे तोंड करून थांबतो. या सेटिंगला हात लावण्याचा हक्क शेठच्या खात्याकडेच ठेवला.

मग बायांना ऑफिसात बोलावून पडद्यावर तो काळा चौकोन दाखवला. हे मला फार गरजेचं वाटलं. ज्यांच्यावर नजर होती त्यांनी स्वतः पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास का बसावा? एक तरुण बाई बराच वेळ पडदा न्याहाळत होती. म्हणाली, "जठे हप्ता वाटतस तठे लावा ना एक."

हप्ता म्हणजे आठवड्याची मजुरी. मुकादम तिथंच होता. शेठ थोडा वेळ गप्प राहिले, मग "लावा" म्हणाले. पैसे मोजणारे हात आणि घेणारीचा चेहरा दोन्ही येतील असा कॅमेरा हप्त्याच्या खिडकीवर बसवला. मुकादमाला त्याची एकही परवानगी दिली नाही. मागचं चित्रण शेठ आणि मुनीम पाहू शकतात, आणि वाद निघाला तर जिचे पैसे तिच्यासमोरच पाहायचं, असं ठरलं. जुन्या डिस्कवर जेमतेम तीन आठवड्यांचं चित्रण मावत होतं. हप्त्याची तक्रार त्यानंतरही येऊ शकते, म्हणून शेठनी त्याच संध्याकाळी जळगावहून मोठी डिस्क मागवली.