पांढरी पाचच्या किंचित वर

दोष पहिल्यांदा अण्णांनी पकडला, तोही सुरात. अण्णा म्हणजे माझे सासरे. मिरजेत जन्म गेला, तंबोऱ्यांच्या दुकानांवरून रोज येणं-जाणं, त्यामुळे घरात कुकरची शिट्टी झाली तरी तिची पट्टी सांगतात. मी टीव्हीमागे वायरी खुपसत बसले होते आणि ते हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "अगं, हा तुझा टीव्ही पांढरी पाचच्या किंचित वर लागलाय."

झालं होतं असं. अण्णांच्या शंभरेक कॅसेट लेकानं संगणकात उतरवून ठेवल्यात. यादी मोठ्या अक्षरांत दिसावी म्हणून तो जुना संगणक हॉलमधल्या टीव्हीला जोडायचा होता. संगणक इतका जुना की त्याला एचडीएमआय नाही. चित्रासाठी निळ्या टोकाची व्हीजीए केबल, आवाजासाठी हेडफोनच्या भोकातून टीव्हीला दुसरी वायर. चालू केलं, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आधी 'घूंऽऽ' सुरू झालं. माउस हलवला की वर चिर्र चिर्र. पडद्यावर फिकट आडवे पट्टे, तेही थरथरणारे.

अण्णांचं बरोबर होतं, हे मी नंतर पडताळून पाहिलं. आपली वीज ५० हर्ट्झची. गुणगुण त्याच्या पटींत ऐकू येते, कारण टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरना खुद्द ५० झेपतच नाही. १०० झेपतं. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची. किंचित वर, बरोब्बर.

पट्ट्यांनी मात्र मला फसवलं. इंटरनेटवर सगळीकडे वाचलं की विजेमुळे येणारे पट्टे संथपणे वर सरकतात. आमचे सरकत नव्हते, थरथरत होते, म्हणून मला वाटलं भानगड वेगळीच आहे. ते लिहिणारे बहुतेक अमेरिकेतले, हे नंतर डोक्यात आलं. तिकडे वीज ६० हर्ट्झची आणि पडदाही सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणून पट्टा रेंगाळतो. आपल्याकडे पडदा ६०, वीज ५०. सेकंदाला दहाचा फरक, म्हणजे नुसती थरथर.

पहिला मूर्खपणा ४५० रुपयांचा. दोन्ही टोकांना काळे गठ्ठे असलेली जाड केबल आणली. काडीचा फरक नाही. ते गठ्ठे फेराइटचे असतात, फार वरच्या कंपनांचा गोंगाट अडवतात. पन्नास-शंभर हर्ट्झ त्यांच्या खिजगणतीतही नाही.

मग जरा डोकं वापरलं. एक एक वायर काढून बघितली. सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागची केबलवाल्याची वायर उपटली आणि घर एकदम शांत झालं. केबलवाल्याला फोन केला, तो म्हणाला आमची लाईन ओके आहे. ती वायर परत जोडून संगणकाच्या जागी भाच्याचा लॅपटॉप लावला: बॅटरीवर गप्प, चार्जर लावला की घूं. म्हणजे केबलवाला एकटा गुन्हेगार नाही, आमच्या भिंतीतल्या विजेचाही हात आहे.

इथे मी करू नये ते केलं. कुठेतरी वाचून संगणकाची तीन पिनांची प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावली, म्हणजे अर्थिंगच तोडलं. आवाज होता तसाच. वायरमनना हे सांगितल्यावर आधी ते माझ्यावर ओरडले, आणि मग थांबून म्हणाले, "पण वैनी, तिसरी पिन काढून काहीच फरक पडला नाही म्हणताय? मग ती जोडलेली होती तरी कुठं?"

मीटरनं बघितलं. संगणकाची पेटी आणि उपटलेल्या केबलचं बाहेरचं धातू यांच्यात १०८ व्होल्ट! अनवाणी पायानं पेटीला हात लागला की मला कायम झिणझिण्या यायच्या, मी हिवाळ्याला दोष देत होते. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, फेज आणि न्यूट्रलपासून पेटीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, आतला गोंगाट जमिनीत सोडून द्यायला. जमीनच नसेल तर पेटी दोन्हींच्या मधोमध लटकते, २३० च्या निम्म्यावर. त्यातला करंट अगदी चिमूटभर असतो, पण त्याला वाट हवी. आमच्या टीव्हीला दोनच पिना. म्हणून तो व्हीजीए केबलवरच्या धातूच्या जाळीतून टीव्हीत, तिथून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि केबलवाल्याच्या जाळीवरून गावभर निघाला होता. व्हीजीएचा सिग्नल जेमतेम ०.७ व्होल्टचा. त्यात काही मिलिव्होल्टची भेसळ झाली तरी डोळ्याला दिसते.

तळमजल्यावर मीटरबोर्डाशी गेलो. हिरवी वायर रंगाऱ्यांनी भिंतीच्या रंगानंच रंगवली होती आणि स्क्रूपाशी ती गंजून तुटली होती. वायरमननी नवी जोडली, मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडून त्यात कोळसा-मीठ टाकलं आणि माझ्याकडून चार बादल्या पाणी ओतून घेतलं.

पट्टे जवळजवळ गेले. करड्या रंगावर निरखून बघितलं तर दिसतात, मी निरखत नाही. आवाज बराच उतरला, पण उरला. कारण आता आमची जमीन आणि केबलवाल्याची जमीन अशा दोन झाल्या आणि त्यांच्यात अजून थोडी देवाणघेवाण चालू होती. त्यावर २८० रुपयांची डबी आणली, ग्राउंड लूप आयसोलेटर. आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकत्वातून पलीकडे जातो, तांब्याचा तांब्याला संबंध राहत नाही. घूं गेलं, माउसची चिर्रही गेली. शिवाय संगणकाचा आवाज ८५ वर ठेवला आणि टीव्हीचा १२ वर. आधी उलटं होतं, म्हणजे टीव्ही सगळी घाणही मोठी करून देत होता. अण्णांची एक तक्रार उरली आहे: डग्गा जरा हलका वाटतो. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचे सूर थोडे खातो, त्यामुळे ती मान्य.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फ्रिज गेली दोन वर्षं हाताला चावत होता. तो त्याच आठवड्यात चावायचा थांबला. काकू सगळ्यांना सांगतात की नव्या मेकॅनिकचा हातगुण चांगला आहे.