‘लॉस्ट’चा शेवट: उधारी एकाची, फेड दुसऱ्याची

(पुढे सगळे पत्ते उघडे आहेत. मालिका बघायची राहिली असेल तर आधी बघून या.)

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आधी निकालात काढू, कारण ती चुकीची आहे. ‘सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते’ असं ‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेत कुठेही नाही. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशनिक 815 हे विमान बेटावर पडतं, माणसं वाचतात आणि बेटावर जे घडतं ते खरोखर घडतं. शेवटच्या भागात नायक जॅकचा मेलेला बाप त्याला हे जवळजवळ शिकवणी घेतल्यासारखं सांगतो: तुझ्या आयुष्यात घडलेलं सगळं खरं, आणि इथे जमलेल्यांपैकी कुणी तुझ्या आधी मेलं, कुणी तुझ्यानंतर कितीतरी वर्षांनी. मृत्यूनंतरची आहे ती फक्त सहाव्या सीझनमधली समांतर गोष्ट, ज्यात विमान पडतच नाही. घोळ वाढवला वाहिनीने. 23 मे 2010 च्या रात्री श्रेयनामावलीच्या मागे एबीसीने समुद्रकिनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या सांगाड्याची दृश्यं लावली. त्यात एकही माणूस नाही. भाग संपून बातम्या लागण्याआधी लोकांना सावरायला वेळ मिळावा एवढाच हेतू होता. लोकांनी अर्थ काढला की वाचलं कुणीच नव्हतं. लेखकांचा त्या दृश्यांशी संबंध नव्हता, शिव्या मात्र त्यांनीच खाल्ल्या.

तरीही शेवट फसला. का फसला ते बघायला सहाव्या सीझनच्या सुरुवातीला जावं लागतं.

पाचव्या सीझनच्या अखेरीस, भूतकाळात, 1977 साली, जाऊन पोचलेल्यांपैकी जुलिएट हायड्रोजन बॉम्ब फोडते. कल्पना अशी की विमान पाडणारी बेटावरची ऊर्जा नष्ट झाली की विमान पडणारच नाही. सहावा सीझन सुरू होतो तो त्याच विमानात, आणि विमान पडत नाही. कॅमेरा ढगांतून खाली समुद्रात शिरतो, तर तळाशी बेट बुडालेलं. इतक्या ठसठशीत चित्रातून कुठलाही शहाणा प्रेक्षक एकच अर्थ काढेल: बॉम्बने काम केलं. त्यावर कडी म्हणजे मेलेल्या जुलिएटचा निरोप मृतांचं ऐकू येणाऱ्या माइल्समार्फत येतो, ‘काम झालं’. मग जवळजवळ अख्खा सीझन आपण दोन काळ एकमेकांना कसे जोडले जाणार याची गणितं मांडत बसतो. शेवटी कळतं की बॉम्बचा या समांतर जगाशी काही संबंध नव्हता. जुलिएटचं ते वाक्य कशाबद्दल होतं? हॉस्पिटलमधल्या चॉकलेटच्या यंत्राबद्दल. प्लग काढून परत लावला की अडकलेलं चॉकलेट खाली पडतं. आणि हे जग मृत्यूनंतरचं असेल तर त्यात बेट का बुडालेलं? त्याला धड कारण नाही. ते चित्र आपल्याला चकवण्यासाठी होतं.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. शेवटच्या भागाने जे मोठं कोडं सोडवलं, ते त्याच सीझनमध्ये 17 तासांपूर्वी घातलेलं होतं. 2004 पासून थकलेली उधारी तशीच राहिली. नवं कर्ज काढून तेवढंच थाटामाटात फेडलं, आणि समांतर गोष्टीच्या अखेरीस चर्चमध्ये जमलेल्यांच्या गळाभेटींना व्हायोलिनची साथ दिली.

जुनी थकबाकी साधी नव्हती. वॉल्ट घ्या. या पोरात काहीतरी अचाट शक्ती आहे, पक्षी त्याच्यामुळे काचेवर येऊन आपटतात, बेटावर आधीपासून राहणारे ‘अदर्स’ त्याला तराफ्यावरून पळवून नेतात. पण पहिल्या चार सीझनमधली बेटावरची गोष्ट साडेतीन महिन्यांत आटपते आणि चित्रीकरणाला लागली चार वर्षं. दहा वर्षांच्या पोराचं काम करणारा मुलगा डोळ्यांदेखत ताडमाड वाढला. कथेतला महिना हा पडद्यामागचं वर्ष असेल तर मुलाच्या पात्रावर मध्यवर्ती रहस्य ठेवू नये, हे टीव्हीत काम करणाऱ्या कुणालाही कळतं. पहिला भाग (पायलट) बनवताना मात्र मालिका सहा वर्षं चालेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मिस्टर एकोचंही तसंच. इतकं तालेवार पात्र, नटाला थांबायचं नव्हतं, म्हणून तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात धुराच्या राक्षसाने आपटून मारलं.

तिसरा सीझन हाच खरा रोगाचा पुरावा. शेवट कधी हे ठरलेलं नसल्यामुळे लेखक पुढेही जाऊ शकत नव्हते आणि थांबूही शकत नव्हते. सुरुवातीचे सहा भाग नायक पिंजऱ्यात, मग तीन महिने सुट्टी, आणि परत आल्यावर नवव्या भागात जॅकच्या दंडावरच्या गोंदणाची थायलंडमधली कथा, जी कुणीही मागितली नव्हती. टीआरपी आहे तोवर लग्न लांबवत नेणाऱ्या आपल्याकडच्या मालिका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा आजार वेगळा समजावून सांगायला नको. मालिकेचे मुख्य लेखक डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनी हाच गोंदणाचा भाग वाहिनीपुढे पुरावा म्हणून ठेवला: तारीख द्या, नाहीतर असंच होत राहणार. मे 2007 मध्ये ती मिळाली. आणखी तीन सीझन, प्रत्येकी 16 भाग. लेखकांच्या संपामुळे वाटणी 14, 17, 18 अशी झाली, पण शेवट ठरला आणि चौथा सीझन लगेच घोड्यासारखा पळाला. तोवर 72 तासांची उधारी साचली होती, ती वेगळी.

मालिकाभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकड्यांचं काय झालं ते तर ऐकण्यासारखं आहे. 4, 8, 15, 16, 23, 42. बेरीज 108, आणि बेटावरच्या तळघरात दर 108 मिनिटांनी दाबायचं ते बटण. सहाव्या सीझनमध्ये कळतं की हे बेटाचा रखवालदार जेकबने आपल्या जागेसाठी निवडलेल्या उमेदवारांचे क्रमांक: लॉक 4, हर्ली 8, सॉयर 15, सईद 16, जॅक 23, क्वॉन 42. पण हेच आकडे का? जेकबला आकड्यांची हौस होती म्हणे. याहून बरं उत्तर अस्तित्वात आहे, फक्त ते मालिकेत नाही. 2006 च्या उन्हाळ्यात इंटरनेटवर चालवलेल्या एका खेळात ठेवलं होतं. मानवजातीचा अंत कधी होईल हे सांगणाऱ्या समीकरणाचे ते घटक, आणि त्यातला एखादा तरी बदलावा म्हणून धर्मा इनिशिएटिव्हने बेटावर प्रयोग मांडलेले. (ही तीच संस्था, जिच्या फिल्मा ‘नमस्ते’ म्हणून संपतात. मराठी कानाला ते ऐकून हसू येतं ते येतंच.)

गर्भवती बायका बेटावर का मरतात, क्लेअरच्या बाळाला, एरनला, तिनेच वाढवलं पाहिजे असा ज्योतिषाचा हट्ट का, पाचव्या सीझनमध्ये होडीतून गोळ्या झाडणारे कोण, हे सगळं हवेत. होडीच्या प्रसंगाचा खुलासा लेखकांनी लिहिलाही होता, मग वापरला नाही. आणि शेवटाच्या फक्त बारा दिवस आधी अख्खा एक तास ‘अक्रॉस द सी’वर घालवला: चकाकती गुहा, जेकब आणि त्याचा भाऊ, आणि कुठून आली ते न कळणारी आई. पुढे धुराचा राक्षस आणि सगळ्यांचा शत्रू होणाऱ्या काळ्या कपड्यातल्या भावाला त्यातही नाव मिळालं नाही.

बेटावरचा शेवट मात्र चोख आहे, हे कबूल करायला हवं. डेसमंड त्या गुहेतलं दगडी बूच उपसतो, उजेड विझतो, शत्रू मर्त्य होतो. जॅक ते बूच परत बसवतो आणि जिथे पहिल्या दृश्यात त्याचा डोळा उघडला त्याच बांबूच्या बनात येऊन पडतो. व्हिन्सेंट कुत्रा शेजारी येऊन बसतो. वरून विमान जातं. डोळा मिटतो. एवढंच दाखवून थांबले असते तर निम्मी भांडणं झालीच नसती.

आता नव्याने बघणार असाल तर थोडं सांगून ठेवते. तिसऱ्या सीझनचा नववा भाग खुशाल गाळा. निकी-पाउलोचा चौदावा गाळू नका. नकोशी पात्रं लेखक किती मजेत पुरतात ते तिथे दिसतं. चौथ्यातला पाचवा भाग, ‘द कॉन्स्टंट’, फोन बाजूला ठेवून बघा. ‘अक्रॉस द सी’ त्याच्या जागी बघण्याऐवजी मालिका संपल्यावर बघितला तर शेवटाची लय तुटत नाही. शेवटचा भाग जाहिराती वगळून सुमारे पावणेदोन तासांचा आहे. तुमच्याकडे तो दीड तासाच्या आत संपला तर कापलेली प्रत लागलीय असं समजा. आणि डीव्हीडीसोबत आलेली बारा मिनिटांची ‘द न्यू मॅन इन चार्ज’ ही पुरवणी फिल्म शोधून काढा. ग्वाममधल्या गोदामात दोन कामगार अजून बेटासाठी अन्नाची खोकी भरतायत, ‘अदर्स’चा एके काळचा म्होरक्या बेन त्यांना काम बंद करायला सांगतो आणि ते ‘आम्हाला उत्तरं द्या’ म्हणून अडून बसतात. मग बेन वॉल्टला न्यायला जातो. वॉल्ट आता मिसरूड फुटलेला मुलगा आहे, आणि गाडीत हर्ली वाट बघत बसलाय.