शब्द कळेपर्यंत गिटार कमी : रबाळ्याच्या पोटमाळ्यावरचा अल्बम

अल्बम झाला. आठ गाणी, 34 मिनिटं. येत्या शुक्रवारी सगळीकडे लागतोय. मागची नोंद मी मे महिन्यात टाकली होती आणि तिच्यात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पावसाच्या आत ड्रम्स संपवतो. ड्रम्स संपले ते गणपती विसर्जनानंतर. मधल्या काळातलं आठवतंय तसं लिहून ठेवतो. कुणाला घरी किंवा गाळ्यात रेकॉर्डिंग करायचं असेल तर यातल्या दोन-तीन चुका तरी वाचतील.

नव्यांसाठी थोडक्यात. आम्ही चौघं. ड्रमर आणि गायिका ठाण्याचे, बेसवाला कोपरखैरण्याचा, मी ऐरोलीचा. सगळे चाळिशीच्या आगेमागे, नोकऱ्या करणारे. जागा म्हणजे रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्याचा पोटमाळा: 14 फूट लांब, 10 फूट रुंद, 9 फुटांवर पत्रा. खाली ड्रमरच्या मामांचं गोडाऊन. आठ इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), जुना लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. सगळं रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर. मी गिटार वाजवतो आणि मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज जुळवून एकत्र करणं, तेही मीच करतो. वर्षभरातली निम्मी भांडणं या एका वाक्यामुळे झाली.

जून, जुलै

पत्र्यावर पाऊस पडायला लागला की रेकॉर्डिंग बंद, एवढं साधं गणित आहे, पण आम्हाला ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. ड्रम्सच्या वरच्या (ओव्हरहेड) माइकमध्ये झांजा कमी आणि पत्रा जास्त. शिवाय शेजारी पॉवर प्रेसचं वर्कशॉप. प्रेस पडला की जमिनीतून धप्प येतं आणि किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) माइकला ते आपलंच वाटतं. मग ठरलं की फक्त रविवारी वाजवायचं, तेही उघडीप असेल तरच. असे रविवार दोन महिन्यांत तीन मिळाले.

खाडीच्या हवेत माइक सांभाळणं हा वेगळाच उद्योग. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलला (आवाज पकडणाऱ्या नाजूक भागाला) ओल लागली की ते तडतडायला लागतात. एकाचं तसं झालंच. आता दोन्ही माइक सिलिका जेलच्या पुड्यांसकट स्टीलच्या डब्यात राहतात. डबा घरून आणलाय. त्यात पूर्वी बेसन असायचं आणि गायिकेच्या मते माइकला अजूनही वास येतो.

ड्रम्स

चारच माइक लावले. एक किकला, एक स्नेअरला (समोरचा, तडाड वाजणारा ड्रम) आणि दोन ओव्हरहेड, ब्रिटिश रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या पद्धतीने. एक माइक किटच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या ड्रमच्या) बाजूने, आणि दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर. यातली मेख त्या "सारख्या"त आहे. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटीमीटर जातो. दोन माइकच्या अंतरात 17 सेंटीमीटरचा फरक पडला तर 1 किलोहर्ट्झचा आवाज एकात वर असताना दुसऱ्यात खाली असतो आणि दोन्ही मिळवले की स्नेअर पोकळ, डबा बडवल्यासारखा येतो. आम्ही पहिल्या दिवशी डोळ्यांनी अंदाज घेतला आणि डबाच मिळाला. दुसऱ्या वेळी सुतळी आणली. एक टोक ड्रमरने स्नेअरच्या मधोमध अंगठ्याखाली दाबून धरलं, मी दुसरं टोक वरच्या माइकपर्यंत ताणून गाठ मारली आणि तीच गाठ फिरवून दुसऱ्या माइकला लावली. टेपपेक्षा सुतळी बरी, कारण तिच्यात वाचायचं काही नसतं. गाठ पोचते किंवा पोचत नाही.

पत्रा ठेंगणा असल्यामुळे झांजांचा आवाज वरून लगेच परत येतो. त्यासाठी किटच्या वर रॉकवूलची (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीची) दोन पॅनेल टांगली. बाकी ड्रम्सबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ड्रमर उत्तम वाजवतो, त्याला सहा तास झोप मिळालेली असली तर.

हम

यावर एक पूर्ण रविवार गेला, म्हणून जरा सविस्तर.

आमचं चौथं गाणं जी (इंग्रजी G) या स्वरात आहे. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीतला जी म्हणजे 49 हर्ट्झ. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. लाइनीत थोडा हम, म्हणजे विजेची घरघर, होता, पण बाकीच्या गाण्यांत तो दबून जायचा. या गाण्यात बेसवाल्याने लांब जी धरला की स्वर सेकंदाला एकदा फुगायचा आणि बसायचा, फुगायचा आणि बसायचा, कुणी आवाजाची कळ हळूहळू फिरवत असल्यासारखा. बेसवाला वैतागून म्हणाला, "अरे, माझा हात हलत नाहीये, नोट हलतेय." त्याने तारा बदलल्या, पिकअपची उंची बदलली. शेवटी मी लाइनीचा नुसता हम रेकॉर्ड करून पाहिला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 49 आणि 50 एकत्र वाजले की फरक एकाचा, म्हणून सेकंदाला एक हेलकावा.

हम फिल्टरने कापायला गेलो तर जी पण गेला. एका हर्ट्झच्या अंतरावरचे दोन आवाज इतक्या सहज वेगळे होत नाहीत. म्हणजे मुळावरच जाणं आलं. मूळ असं निघालं की लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवरच्या बोर्डात, बेसचा अँप समोरच्या भिंतीवरच्या बोर्डात, आणि दोन्हींच्या अर्थिंगचे रस्ते वेगळे. दोघांना जोडणारी केबल लावली की वर्तुळ पूर्ण आणि हम सुरू. इलेक्ट्रिशियनने पाहिलं तर एका बोर्डाची अर्थची तार स्क्रूखालून सुटलेली. ती घट्ट केली, सगळं सामान एकाच बोर्डावर आणलं आणि चाळीस मिनिटांत बेस पुन्हा वाजवून झाला. काही महाभाग अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. ते कृपा करून करू नका, गिटारला हात आणि माइकला ओठ लागला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. डीआय बॉक्सवर (वाद्य आणि रेकॉर्डिंगच्या मध्ये लावायची पेटी) केबलमधला अर्थचा जोड तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते याचसाठी.

खुर्ची

ऑक्टोबरमध्ये मिक्सिंगला बसलो. दोन स्पीकर, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारखं अंतर, खुर्ची बरोबर मधोमध. सगळीकडे असंच सांगतात. तीन गाणी झाली, खूश होऊन बेसवाल्याच्या गाडीत ऐकली. ए मधल्या दोन गाण्यांत बेस असा घुमला की आरशाला कंप सुटला. पोटमाळ्यावर तर हाच ए मला बारीक वाटत होता म्हणून मी तो चढवत गेलो होतो!

कारण खोलीची रुंदी. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. एवढ्या अंतराच्या दोन भिंतींमध्ये जी पहिली लाट अडकते ती सुमारे 56 हर्ट्झची. बेसचा ए 55 चा. ही लाट भिंतींपाशी सगळ्यात जोरात आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. आणि मध्यावर कोण बसलं होतं? 50 मिलिमीटरच्या रॉकवूलला इतक्या खालच्या आवाजाशी काही देणंघेणं नसतं, ते वरचं झाडतं फक्त. खालचे आवाज शोषणारे मोठे बास ट्रॅप बांधायला जागा नव्हती. म्हणून जुगाड केला: बेस ठरवताना खुर्ची फूटभर डावीकडे सरकवायची, मग हेडफोन, मग गाडी. तिन्ही ठिकाणी ठीक वाटलं तरच पुढे. जमिनीवर खुर्चीच्या दोन जागांच्या खडूने खुणा केल्यात.

शब्द

आता मूळ दुखणं.

डिसेंबरात मिक्स झाले असं मी जाहीर केलं. गायिकेने नौपाड्याला घरी लावून आईला ऐकवले. काकूंनी पाचवं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "छान वाजवता रे. भाषा कुठली आहे ही?"

गाणं मराठीत आहे. रात्रपाळीवर आहे. ध्रुवपदात भोंगा आहे, फाटक आहे, रूळ आहेत. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता, कारण शब्द मला पाठ होते. मिक्स करणाऱ्याला हा शाप असतो. ज्याने गाणं कधी ऐकलेलं नाही त्याचे कान उधार मिळत नाहीत. काकूंचे मिळाले.

मग आठवडाभर नुसता आवाज ऐकत बसलो. मराठीत गाणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहितो. आपल्याकडे भ, फ, घ, ध यांची रेलचेल. यांच्यासोबत तोंडातून हवेचा झोत येतो. भोंग्याचा "भ" आणि फाटकाचा "फ" दोन्ही माइकवर थेट आदळत होते. पॉप फिल्टर (झोत अडवणारी जाळी) होता, पण गायिका त्याला नाक लावून गाते. माइक नाकाच्या उंचीवर नेला, थोडा बाजूला वळवला, तोंडापासून वीतभर लांब ठेवला आणि 90 हर्ट्झच्या खालचं कापलं. झोत गेला. त्यावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) घट्ट लावला तर उलटाच प्रकार: स्वर दबतो आणि मागचा श्वास वर येतो, सगळं गाणं धापा टाकत म्हटल्यासारखं. म्हणून कॉम्प्रेसर सैल केला आणि जिथे आवाज कमी पडतो तिथे शब्दाशब्दाला हाताने फेडर चढवला. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा रस्ता मला सापडला नाही.

दुसरी गोष्ट ळ ची. "रूळ" लांबवला की "रूऽऽ" एवढंच कानावर येतं आणि ळ स्नेअरच्या फटक्याखाली सापडतो. ऐकणाऱ्याला "रू" काय आणि "रूप" काय, सारखंच. गायिकेने ळ अर्धा ठोका अलीकडे ओढला. सुटलं. यात माझं कर्तृत्व काही नाही.

तिसरी गोष्ट मात्र माझी. व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि डिस्टॉर्शनवाली (फाटलेल्या आवाजाची) गिटार नेमकी तिथेच ठाण मांडून बसते. मी ध्रुवपदात चार गिटारी लावल्या होत्या, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. भिंत उभी करायची हौस. ड्रमर सहा महिने म्हणत होता की दोन काढ. मी म्हणायचो, तुला नाही कळत. काकूंच्या प्रश्नानंतर दोन काढल्या. उरलेल्या दोन्हींत 3 किलोहर्ट्झच्या आसपास 3 डेसिबल कापले आणि गेनही (डिस्टॉर्शनचा जोर) खाली आणला. गंमत अशी की गिटार आता मोठी वाटते. चार गिटारींचे बारीकसारीक फरक एकमेकांत मिसळून जो चिखल होत होता तो गेला आणि प्रत्येक फटका सुटा झाला. ड्रमरला हे सांगितलेलं नाही. तो हे वाचेलच म्हणा.

मग आठही गाण्यांची हीच उजळणी, जानेवारीभर. पुन्हा काकूंना ऐकवलं. पाचव्याला त्या म्हणाल्या, "फाटक कुठलं, कळव्याचं का?" याहून मोठी दाद मला अपेक्षित नव्हती.

मास्टर आणि अपलोड

पहिलं मास्टर (गाण्यांची अंतिम प्रत) हौसेने मोठ्ठं केलं, साधारण उणे 9 एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा). स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं उणे 14 च्या आसपास आणून ठेवतं, म्हणजे आमचं गाणं 5 डेसिबल खाली उतरणार आणि चिरडलेले ड्रम्स तसेच चिरडलेले राहणार. उणे 11 ला परत केलं आणि शिखरं उणे 1.5 डेसिबलच्या वर जाऊ दिली नाहीत. स्नेअरमध्ये जीव आला.

वितरण एका ऑनलाइन कंपनीमार्फत. आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख) त्यांनीच दिले, प्रत्येक गाण्याला 12 अक्षर-आकड्यांचा एक. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेल. पहिलं कव्हर परत आलं, कारण कोपऱ्यात आम्ही आमचं इन्स्टाग्राम हँडल छापलं होतं आणि ते चालत नाही. गाण्यांची नावं देवनागरीतच ठेवली. रोमन लिपीत "रूळ"चं जे काही होतं ते बघवत नाही. एक सूचना: स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं असेल तर ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी तिथे पोचलेलं हवं. आम्ही तीन आठवडे ठेवले होते, कव्हरच्या भानगडीत त्यातले दहा दिवस गेले.

शुक्रवार

लाँचसाठी जागा शोधून थकलो. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2019 मध्ये यू टू वाजवून गेले, जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेने तीन रात्री केल्या. पण चाळीस माणसांसमोर वाजवायला ऐरोली ते बेलापूर एक खोली मिळेल तर शपथ. शेवटी गाळ्यातच, खाली गोडाऊनमध्ये, खोके भिंतीला सरकवून. संध्याकाळी सातला सुरू, साडेनऊला प्लग काढणार. चहा मिळेल, बसायला खोके मिळतील.

आणि एक. मामांचा माल वाढलाय, त्यामुळे मार्चअखेर पोटमाळा रिकामा करायचाय. रॉकवूलची नऊ पॅनेल आहेत, 2 बाय 4 फूट, लाकडी चौकटीत कापड ठोकून बसवलेली. एकाला उंदराने कोपरा कुरतडलाय. कुणाला हवी असतील तर रविवारी येऊन घेऊन जा. पैसे नकोत, टेम्पो तुमचा.