कालचा दिवस सांगा

आंबोळीचा तवा चर्र वाजला की आमचा बाबू (हे घरातलं नाव, खरं इथे नको) मागच्या परसात असला तरी धावत यायचा. आणि पाठीशी उभं राहून दहा हाका मारल्या तरी मान वळायची नाही. तेव्हा तो पावणेदोन वर्षांचा होता. ‘पाणी’, ‘आवस’ (आई) असे चार-पाच शब्द यायचे, तेही त्या दोन महिन्यांत कुठे गेले कळलं नाही. फडताळावरचा डबा हवा असला तर बोट दाखवायचा नाही. माझं मनगट धरून माझा हात त्या डब्यापर्यंत न्यायचा, पकडीने खिळा उपसावा तसा.

सासूबाई म्हणायच्या, “तेचो बापूस चार वर्सांचो होयसर बोलूक नाय हुतो. झील हा, बोलतलो.” (झील म्हणजे मुलगा.) मला तेच ऐकायचं होतं.

आमचं गाव मालवण तालुक्यात, अगदी किनाऱ्यावर. घरची खानावळ आहे. नवरा गोव्याला कारखान्यात, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. सासरे, म्हणजे आबा, आयुष्यभर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढलेले. आता गुडघे गेलेत, ओसरीवर बसून असतात. हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल. बाबूला ऑटिझम आहे, पण हे नाव आम्हाला पुढे कळलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी बाबूला पाच मिनिटं पाहिलं, मला वीसेक प्रश्न विचारले आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तिथे लवकर तपासतात) चिठ्ठी दिली. तिथे तपासणी फुकट होते, थेरपीही मिळते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ती चिठ्ठी मी हळदीच्या डब्याखाली ठेवली. अकरा महिने. यात दोष कुणाचा नाही, माझाच. चिठ्ठी दिसली की मी डबा थोडा सरकवून ठेवायची.

त्या अकरा महिन्यांत काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एका मोठ्या शहरातल्या सेंटरने फोनवर सांगितलं, स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं घ्या, पाच महिन्यांत बोलेल. माझ्या दोन पाटल्या मोडल्या आणि पहिला हप्ता भरला. बाबू बोलला नाही, पांढरा कोट दिसला की किंचाळायला मात्र लागला. ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच सांगितलं आहे, हे मला पाटल्या गेल्यावर कळलं. शेजारची एक जण म्हणाली, गोवराच्या लसीने होतं हे. तेही मी काही दिवस मनात घोळवलं. ज्या शोधनिबंधावरून ही गोष्ट जगभर पसरली, तो १९९८ चा. लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला. पण गावात बातमी पोचते, माघार पोचत नाही.

शेवटी आबांनीच चिठ्ठी काढली. हळद त्यांना चहात लागते.

आधी कानांची तपासणी झाली, बेरा म्हणतात ती. पोर झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून करतात. कान उत्तम निघाले. मी रडले, कारण बहिरेपणा असता तर मशीन लावता आलं असतं, असं तेव्हा वाटत होतं. मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, तीन फेऱ्या आणि शब्द हातात आला: ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. माझा मुलगा स्वतःत कुठे मग्न आहे? तो पंख्यात मग्न आहे, लाटेच्या फेसात मग्न आहे, माटवीला (गणपतीवर बांधतात त्या लाकडी चौकटीला) टांगलेल्या नारळांच्या ओळीत मग्न आहे. स्वतःकडे त्याचं लक्ष असतं तर ताप आलाय हे तरी सांगितलं असतं.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन गोष्टी पहिल्या दिवशीच साफ केल्या. ही जडणघडण मेंदूची आहे, जन्माआधीपासूनची, आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मोबाइल दाखवल्याने किंवा आईने कमी बोलल्याने हे होत नाही. दुसरं, याला बरं करायचं औषध नाही. शिकवता मात्र पुष्कळ येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. “जितकं लवकर” ऐकताना मला हळदीचा डबा दिसत होता.

आता कागदाचं. दिव्यांग प्रमाणपत्र काढा, असं त्यांनी सांगितलं आणि घरात वादळ उठलं. सासूबाई म्हणाल्या, “कागदार लिवन घेतलास की कायमचो शिक्को बसलो. उद्या शाळेत, परवा लग्नात.” नवराही गप्प. मग सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला. मी देवळात मागे उभी होते, पोट दुखत होतं. देवीने उजवा कौल दिला, म्हणजे होकार. सासूबाई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, “काढ गो काय तो कागद.” देवीचे आभार मी आजही मानते. कायद्याचा दाखला देऊन त्या कधी मानल्या नसत्या.

दाखला तसा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार झाले, त्यांत तो आला.

प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. गावातल्या सेतू केंद्रात गेलो. जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं, एका ‘एच’चा फरक. ती चूक माझी, घाईत भरलं होतं. आधारला पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यावे लागतात, ते राहिले होते. बाबू काचेवर बोट ठेवू देईना. केंद्रातल्या मुलाने शेवटी यंत्राची हिरवी लाइट त्याला दहा मिनिटं नुसती बघू दिली, मग एकेक बोट. त्या मुलाला कुणी हे शिकवलं नव्हतं. फोटोसाठी चाळीस वेळा क्लिक केलं असेल. कार्डावर आहे त्यात तो वर पंख्याकडे बघतोय.

प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी पहाटेची एसटी पकडली. आणि इथे मी अशी एक गोष्ट शिकले, जी मला आधी कुणीतरी सांगायला हवी होती.

ऑटिझमचं मोजमाप आपल्याकडे इसा नावाच्या मापनश्रेणीने करतात. चाळीस मुद्दे, सहा भागांत: माणसांशी नातं, भावना, बोलणं, वागणं, इंद्रियांच्या संवेदना, समज. प्रत्येकाला एक ते पाच गुण. क्वचित होतं तर एक, नेहमीच होतं तर पाच. बेरीज सत्तरच्या खाली आली तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र.

तपासणाऱ्या बाई विचारत होत्या, मी उत्तरं देत होते. नजरेला नजर देतो का? “देतो हो, मनात असलं की.” इतर मुलांत मिसळतो? “लाजतो जरा.” स्वतःला इजा करून घेतो? “नाही, तसं काही नाही.” सात-आठ उत्तरं झाली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“ताई, मी पाहुणी नाही. कालचा दिवस सांगा. उठल्यापासून.”

काल. काल सकाळी तो उठला आणि खिडकीतून बघितलं तर पाणी खाली गेलेलं. ओहोटी. त्याने भिंतीवर डोकं आपटलं, अकरा वेळा, मी मोजलं कारण मोजल्यावर मला धीर येतो. मी मध्ये उशी धरली. भात पांढराच हवा, आमटीचा एक थेंब लागला म्हणून ताट पालथं. खानावळीत आलेल्या माणसाने कुकर उघडला, त्या वाफेच्या आवाजाने तो मांगरात (गवत-लाकडं ठेवायच्या खोपटात) जाऊन गवतामागे बसला, दीड तास. दुपारी तेच एक वाक्य: “पाणी गेला, पाणी गेला.” दोनशे वेळा. रात्री अडीचला झोपला. मी त्याच्या आधी झोपले की नंतर, आठवत नाही.

मी पाच वर्षांत कुणालाही काल सांगितला नव्हता. नातेवाइकांना नाही, नवऱ्याला फोनवर नाही. लग्नकार्यात, जत्रेत, शेजारी, सगळीकडे मी त्याचा सगळ्यात चांगला अर्धा तास पुढे करत आले होते. तपासणीच्या टेबलावरही तोच केला असता, तर बेरीज कमी आली असती आणि मला आनंद झाला असता. मूर्ख आनंद. बाईंनी सगळे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारले. ११२ आले. प्रमाणपत्रावर सत्तर टक्के. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी.

या कागदाने काय मिळालं ते थोडक्यात. एसटीत त्याला तिकिटाच्या पंचवीस टक्केच लागतात, आठवड्यातून दोन फेऱ्या म्हटल्यावर ते पैसे दिसतात. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घातलं, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात बसतो. नवऱ्याला आयकरात दिव्यांग मुलासाठीची सूट मिळते, जुनी करप्रणाली निवडली तरच. एका शाळेने “आमच्याकडे सोय नाही” म्हणून दारातून परत पाठवलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत कागद दाखवायची वेळसुद्धा आली नाही. गुरुजी म्हणाले, “आणा. बघू.” समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून अधूनमधून येतात. अधूनमधून म्हणजे खरंच अधूनमधून.

पण मला सांगायचंय ते “पाणी गेला” बद्दल.

थेरपिस्टताईंनी विचारलं, तो डोकं आपटतो त्याआधी नेमकं काय होतं? आम्ही म्हणायचो, काही होत नाही, उगीच करतो. त्यांनी वही दिली. वेळ लिहायची, आधी काय झालं, मग काय केलं, नंतर काय. दोन आठवडे लिहिलं. ते वाचून आम्हाला काही उमगलं नाही. आबांनी चष्मा लावून वही बघितली आणि म्हणाले, “ही तर सुकतीची वेळ. रोज पाऊण तास फुडे सरकता.” सुकती म्हणजे ओहोटी.

आमचा सगळ्यांचा जन्म या पाण्याकाठी गेला. पाणी जातं, येतं, त्यात बघायचं काय! पण खिडकीत उभं राहणाऱ्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं की गेलेलं पाणी परत येतं. त्याच्यासाठी रोज अख्खा समुद्र न सांगता उठून जात होता. आणि वेळही रोज वेगळी.

ताईंनी चित्रांची पट्टी करायला सांगितलं. आधी हे, नंतर ते. खिडकीतूनच दोन फोटो काढले, एक भरतीचा, एक ओहोटीचा. मालवणात प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवले. आणि वेळेचं काम आबांकडे. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. मग सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ, थोडं इकडेतिकडे होतं, पण बाबूला मिनिटांशी घेणं नाही, कुणीतरी आधी सांगण्याशी आहे. आबा रोज सकाळी कालनिर्णयात तिथी बघतात, निळ्या पेन्सिलीने वेळ लिहितात, बाबूला बोलावतात आणि फोटोवर बोट ठेवून सांगतात, “पाणी जाता. पाणी येता.” ज्या माणसाला गुडघे गेल्यापासून घरात कुणी काही विचारत नव्हतं, त्याला सकाळचं काम मिळालं. हे ताईंच्या योजनेत नव्हतं.

डोकं आपटणं तीन महिन्यांत बरंच कमी झालं. थांबलं म्हणत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी फार लांब जातं, तेव्हा अजून उशी लागते. गणेश चतुर्थीत आरतीच्या झांजा सुरू झाल्या की कानावर मोठे हेडफोन लावून तो मांगरात बसतो. पाहुणे विचारतात, नातू आरतीला नाही? पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, निजलो हा. यंदा म्हणाल्या, “तेका आवाज सोसणत नाय. तेची आरती थयसून.” म्हणजे तिथूनच.

परवा खानावळीत पुण्याचं कुटुंब जेवायला होतं. हात धुताना त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, पाणी पूर्ण भरतं कधी? मी चुलीपाशी होते. कोपऱ्यात शहाळ्याची झाकणं ओळीने लावत बसलेला बाबू त्यांच्याकडे न बघता म्हणाला, “पावणेचार.” ते हसले, त्याने पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. विसेक वेळा तरी. त्यातली लहान मुलगी त्याला वाकुल्या दाखवायला लागली. मी पुढे जाऊन काहीतरी सांगणार, एवढ्यात आबा ओसरीवरून म्हणाले, “आज पंचमी हा.”

मंडळी साडेतीनला निघाली. बाबू दारापर्यंत त्यांच्यामागे गेला आणि ओरडला, “पावणेचार!” ते थांबले, एकमेकांकडे बघितलं, आणि चपला काढून पंधरा मिनिटं ओसरीवर आबांशेजारी बसून राहिले.