बूथ क्रमांक तोच, गाव वेगळं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘२००४ पासूनचे बूथनिहाय निकाल एका तक्त्यात जोडून द्या, आमच्या गावाचं मत कसं सरकलं ते बघायचंय.’ निवडणूक जवळ आली की कार्यकर्ते हे विचारतात, पत्रकार विचारतात; विद्यार्थी तर वर्षभर विचारतात. जोडता येतं. फक्त बूथ क्रमांकावरून जोडू नका.

२००४ आणि २००९ मधली अडचण सहज दिसते. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघ पुनर्रचना मध्ये आली. विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या, पण मुंबई शहराच्या १७ वरून १० झाल्या आणि उपनगरच्या १७ वरून २६. लोकसभेचे कराड, पंढरपूर, खेड गेले. माढा, मावळ, शिरूर आले. इथे ही पुनर्रचना करणाऱ्या परिसीमन आयोगाचा आदेश घेऊन बसावं लागतं. त्यात तालुका, महसूल मंडळ, कुठेकुठे तलाठी सजा (एका तलाठ्याकडची गावं) एवढंच असतं. सजातली गावं आपण शोधायची.

खरी फसगत त्यानंतरची. २००९ पासून २०२४ पर्यंत मतदारसंघांच्या हद्दी त्याच, म्हणून लोक क्रमांकाला क्रमांक लावून मोकळे होतात. पण मतदार वाढले की केंद्र फोडतात, आणि नव्याने क्रमांक पडले की पुढचे सगळे सरकतात. काल १४२ म्हणजे तुमच्या गावची जिल्हा परिषद शाळा, आज शेजारच्या गावची. शाळेच्या नावावरही भिस्त नको. इमारत दुरुस्तीला निघाली की केंद्र हलतं, मतदार तेच राहतात.

म्हणून मी मतदार यादीच्या प्रत्येक भागाचं, म्हणजे एकेका बूथच्या यादीचं, पहिलं पान धरतो. त्यावर त्या भागातले विभाग लिहिलेले असतात: गावठाण, अमुक वाडी, तमुक वस्ती. आधी हे विभाग वर्षावर्षांचे जुळवायचे, मग नमुना २० मधली, म्हणजे बूथनिहाय निकालाच्या अधिकृत तक्त्यातली, मतं त्यांवर बसवायची.

समजा, जुन्या एका बूथवर १,२०० मतदार होते, ७०० गावठाणातले आणि ५०० वाडीवरचे. पुढच्या वेळी वाडीला वेगळं केंद्र मिळालं. जुनी मतं ७:५ ने वाटून टाकण्याची पद्धत सर्रास चालते. मला ती मान्य नाही. तसं वाटलं की गावठाणाने आणि वाडीने एकसारखंच मतदान केलं असं आपण आधीच धरून चालतो, आणि तुम्हाला तर तेच तपासायचं होतं! मग वाडीचं मत फिरलं नसतानाही तक्ता ते फिरलेलं दाखवतो, आणि कुणीतरी वाडीवर जाऊन जाब विचारतो. ही जोखीम मला घ्यायची नाही. मी उलट करतो: नव्या दोन बूथांची बेरीज करून ती जुन्या एकाशी लावतो. त्यातलाच एखादा तुकडा तिसऱ्या बूथात मिसळला असेल, तर तिन्ही एकत्र. शहरात असं करताकरता कधी अख्ख्या प्रभागाची एकच ओळ उरते. उरू दे. बारीक पण खोट्या आकड्यापेक्षा ती कितीतरी कामाची.

टपाली मतं नमुना २० मध्ये वेगळी असतात. ती कुठल्याच गावाच्या पदरात टाकू नका.

आणि कुणाकडे २००४ च्या याद्या पडून असतील तर रद्दीत घालू नका. जुन्या याद्या मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. मला मतदारांची नावं नकोत, प्रत्येक भागाचं पहिलं पान तेवढं द्या.