डायरीतलं ‘माहेरी’

भातकापणीचे दिवस होते. वेंगुर्ले रस्त्यावर उचगावच्या पुढचं, बेळगाव तालुक्याच्या अगदी कडेचं गाव. आमच्या माता-आरोग्य कार्यक्रमाचं मूल्यमापन माझ्याकडे होतं आणि तक्त्यात हेच गाव तळाला. गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. इथे अकराजणींपैकी आठजणींचा चौथा रकाना कोरा. ‘आशा सेविकेचा पाठपुरावा कमी’ असा शेरा मी गावात पाऊल टाकण्याआधीच लिहून ठेवला होता.

आशाताईंनी डायरी उघडली. आठही नावांपुढे पेन्सिलीनं एकच शब्द: माहेरी.

“सातव्यात ओटी भरली की जातात बगा चंदगडकडं. नाव इथल्या वहीत कुठनं चढणार ओ?”

चौथी तपासणी छत्तिसाव्या आठवड्यानंतरची. तोवर लेक माहेरी पोचलेली. शिनोळीला गेलं की कोल्हापूर जिल्हा. राज्य दुसरं, दवाखाना दुसरा, कार्ड दुसरं. तिथं तपासणी होते, बाळंतपण होतं, बाळाला बीसीजी टोचली जाते, आणि आमच्या हिशेबात ती बाई गळालेली. सीमेवरच्या गावाला हा तक्ता लावताना हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्या शेऱ्याची मला अजून लाज वाटते.

मग एकेकीला फोन लावला. सातजणी लागल्या, काहींनी पलीकडच्या कार्डाचे फोटोही पाठवले. आठवीचा फोन लागेना, म्हणून शेतातल्या तिच्या घरी चालत गेलो.

ती दारातच रताळी निवडत बसली होती. नववा लागलेला, ओठ पांढरेफटक.

“अगं, तू गेली न्हाईस?” आशाताईंचा आवाजच फुटेना.

“कुणाकडं जाऊ? आई-बाबा हायत कुठं?”

पोरगी माहेरी जाणार असं सासूनं मागं कधीतरी सांगितलं होतं, तेवढ्यावर डायरीत शब्द चढला होता.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी बोट टोचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.४. गरोदरपणात ११ च्या खाली रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र. लोहाच्या गोळ्यांच्या रकान्यात मात्र तिच्यापुढे पूर्ण १८० लिहिलेल्या, आमच्या तक्त्यात ती ओळ हिरवी. गोळ्यांची पाकिटं फडताळात तशीच पडली होती. खाल्ल्या की मळमळायचं, असं ती म्हणाली. गोळ्या किती दिल्या हे आम्ही दर महिन्याला विचारत होतो. किती पोटात गेल्या, हे विचारायला रकानाच नव्हता.

१०८ ची गाडी येईपर्यंत आशाताईंनी तिच्यापुढचा तो शब्द खोडून काढला. मी माझ्या कागदावर तीन रकाने आखले: माहेरचं गाव, तिथल्या आशाताईंचा फोन, आणि शेवटची गोळी कधी खाल्ली.

गाडीत आशाताई तिच्याजवळ बसल्या. त्याच रात्री जिल्हा रुग्णालयात तिला रक्त चढवलं.