गोंदेश्वरचं शिखर पुठ्ठ्यात: तिसरी खेप

मंडळी, काल रात्री १३०वा थर चढला. आमलक (माथ्यावरची पाकळ्यांची गोल चकती) सोडून शिखर उभं आहे! मागच्या वेळी अर्धवट सोडलेली हकीकत आज पुरी करतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: सिन्नरचं गोंदेश्वर हे यादवकाळातलं पंचायतन. एकाच जगतीवर, म्हणजे चौथऱ्यावर, मधोमध महादेव, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. शिखर भूमिज पद्धतीचं. चारी बाजूंना एकेक लता, म्हणजे नक्षीचा उभा पट्टा, वर चढत जाते आणि दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या, म्हणजे कूटांच्या, ओळी बसवलेल्या असतात. अंबरनाथचं देऊळ (१०६०) याच पद्धतीचं, पण त्याचा माथा ढासळलाय. म्हणून सिन्नर.

पहिल्या खेपेला फोनवर काढलेले फोटो मेशरूममध्ये (फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) टाकले होते. खालच्या भिंती छान आल्या, पण जमिनीवरून शिखराचा वरचा भाग दिसतच नाही आणि काळ्या बसाल्टच्या खोबणींत नुसती सावली. वर मेणासारखा वितळलेला गोळा आला.

मग मायकेल हान्समायर या वास्तुरचनाकाराचे खांब आठवले. एका साध्या डोरिक (प्राचीन ग्रीक पद्धतीच्या) खांबाला त्याने एकच नियम दिला: पृष्ठभाग दुमड, पुन्हा दुमड. त्यातून निघालेला २.७ मीटरचा खांब १ मिमीचे सुमारे २७०० थर कापून, एकावर एक रचून उभा केला. पुढे बेंजामिन डिलेनबर्गरबरोबर २०१३ मध्ये वाळूत छापलेली अख्खी खोलीही केली. ते खांब पाहताना मला राहून राहून आपली भूमिज शिखरंच दिसतात. आकाराच्या पोटात तोच आकार, लहान होत गेलेला. मग आपणही आकार उतरवून घेण्याऐवजी नियमच का शोधू नये?

ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या जॉमेट्री नोड्समध्ये, म्हणजे नियम देऊन आकार घडवायच्या सोयीत, बसलो. आधी प्रत्येक ओळ ठरावीक मापाने लहान केली, तर ताठ पिरॅमिड झाला. दोन रविवार त्यात गेले. मग उलटं केलं. फोटोवरून फक्त लतेच्या कडेची वक्ररेषा घेतली. त्या उंचीवर दोन लतांमध्ये जेवढी जागा उरते तिचे तीन भाग, एक भाग म्हणजे कूटाची रुंदी, आणि उंची त्या रुंदीच्या प्रमाणात. बस्स. ओळींची उंची वेगळी सांगावीच लागली नाही, वर जाताना सगळं आपोआप आटत गेलं. स्क्रीनवर ते जुळलं त्या क्षणी अंगावर काटा आला. सूत्रधारांनी, म्हणजे देऊळ बांधणाऱ्या स्थपतींनी, नेमकं असंच मांडलं असेल असा माझा दावा नाही. पण दोरी आणि गुण्या घेऊनही हे मांडता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

लेझरने पुठ्ठा कापताना घोळ झाला तो जाडीचा. पुठ्ठा २ मिमीचा म्हणून आणला, २४ सेंमीसाठी १२० थर कापून घेतले. रचल्यावर शिखर बसकं दिसायला लागलं. व्हर्नियरने मोजलं तर पुठ्ठा १.८५ मिमी. १२० थरांत १८ मिमी उंची गेली! आता मी आधी वीस तुकड्यांची थप्पी मोजतो, विसाने भागतो आणि तोच आकडा मॉडेलमध्ये घालतो. त्यावरून १३० थर आले.

थर सरकू नयेत म्हणून आतून सायकलचे दोन स्पोक घातलेत. स्पोक २ मिमीचा, पण भोक १.८ चं काढा. लेझर कडेचा थोडा पुठ्ठा जाळतो आणि २ चं भोक सैल पडतं. गोंद अगदी पातळ लावा, नाहीतर पुठ्ठा पाणी पिऊन वाकतो. दर दहा थरांनंतर मी रात्रभर वर पाटा ठेवला.

जळक्या तपकिरी कडा तशाच ठेवल्यात. तिरप्या उजेडात त्यांच्या रेघा चिऱ्यांच्या सांध्यांसारख्या दिसतात.

स्पोकची टोकं वर थोडी मोकळी आहेत, त्यावर आमलक बसेल. त्याच्या उभ्या पाकळ्या आडव्या थरांत पायऱ्यांसारख्या दिसतात. उभे काप एकमेकांत खाच पाडून बसवून बघणार आहे. इतक्या लहान मापात, साधारण ४ सेंमी, कुणी केलं असेल तर खाच किती सैल ठेवलीत ते जरूर सांगा.